मुलांच्या खेळाची वही ठेवणारं गाव

मैत्रिणींनो, "पुरे झाला तो गेम, ठेव बघू आधी तो मोबाइल!" हे वाक्य दिवसातून एकदा तरी तुमच्या तोंडून निघतच असेल. निघायलाही हवं, त्यात काही वावगं नाही. पण जगाच्या पाठीवर एक असंही लहानसं गाव आहे, जिथं असाच एक गेम जवळजवळ पंचेचाळीस तास खेळणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला कुणी रागावलं नाही. उलट गावानं त्याच्या नावाचा एक दिवस जाहीर केला! एवढ्यावरच न थांबता, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या आणि खेळणाऱ्या माणसांची नावं जपण्यासाठी गावानं संग्रहालयाचा संसार मांडायला घेतला.

तुम्ही म्हणाल, "काय बाई एकेकाचे नाद!" मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसूच आलं होतं. पण ही हकीकत नुसती नादाची नाही. ती आहे एका वहीची. म्हणून जरा सवडीनं ऐका.

मका, कोळसा आणि कारखाना

या गावाचं नाव अटम्वा. अमेरिकेच्या मध्यभागी आयोवा नावाचं राज्य आहे. मका आणि डुकरं यांसाठी प्रसिद्ध. तिथं डी मॉइन नदीच्या काठी हे गाव वसलं आहे. एके काळी इथं कोळशाच्या खाणी जोरात होत्या. त्या ऐटीत गावकऱ्यांनी १८९० मध्ये चक्क 'कोळशाचा महाल' उभारला होता आणि तो पाहायला खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन आले होते. आपल्याकडे जे आहे ते चारचौघांत मिरवावं, ही या गावाची हौस अशी जुनीच आहे.

पुढं खाणी मागं पडल्या. मांस डबाबंद करण्याचा जॉन मॉरेल कंपनीचा मोठा कारखाना गावाला पोसत होता, तोही १९७३ मध्ये बंद झाला. कारखाना बंद पडला की गावाची काय अवस्था होते, हे गिरणगाव पाहिलेल्या बायकांना वेगळं सांगायला नको. आधी घरातला पगार थांबतो, मग दुकानं ओस पडतात आणि शेवटी तरुण मुलं गाव सोडतात. १९६० मध्ये अटम्वाची वस्ती ३३,८७१ होती. २०२० च्या मोजणीत ती २५,५२९ भरली.

वॉल्टर डे यांची वही

अशा गावात १० नोव्हेंबर १९८१ रोजी वॉल्टर डे नावाच्या गृहस्थांनी व्हिडिओ गेमचं दुकान उघडलं. नाव ठेवलं 'ट्विन गॅलॅक्सीज', म्हणजे जुळ्या आकाशगंगा. त्या काळी घरोघरी गेम नव्हते. कपाटाएवढी यंत्रं असायची. त्यात एक नाणं टाकायचं आणि हरेपर्यंत खेळायचं. खेळणारा तरबेज असला तर पंचवीस सेंटच्या एका नाण्यात तासन् तास निघायचे.

गंमत म्हणजे या गृहस्थांचा आपल्या देशाशीही धागा आहे. महर्षी महेश योगी यांच्या भावातीत ध्यानाचे ते साधक. महर्षींचं विद्यापीठ १९७४ मध्ये आयोवातल्याच फेअरफिल्ड गावी आलं आणि ते अटम्वाहून फार लांब नाही. ध्यानाला बसणारा माणूस आणि यंत्रांचा तो कलकलाट, हे दोन्ही एकाच घरात नांदत होतं म्हणायचं!

आता मुद्द्याची गोष्ट. दुकान उघडण्याआधी वॉल्टर डे यांनी १९८१ च्या उन्हाळ्यात फिरून शंभरावर गेमची दुकानं पाहिली. जिथं जावं तिथं, कोणत्या यंत्रावर सर्वांत जास्त गुण किती झाले, ते टिपून घ्यायचं, असा त्यांचा क्रम. ती यादी त्यांनी फेब्रुवारी १९८२ मध्ये राष्ट्रीय गुणफलक म्हणून जाहीर केली. मग काय, कुठल्या कुठल्या गावांतली पोरं विक्रम कळवू लागली. तोवर प्रत्येक मूल आपापल्या गल्लीतला राजा होतं. त्या यादीमुळं त्यांना कळलं की देशात आपलं स्थान कितवं.

खेळ तोच, यंत्रही तेच. फरक एवढाच पडला, की कुणीतरी लिहून ठेवलं.

एक गाव दार लावतं, एक उघडतं

तेव्हाचं वातावरण या खेळांना अनुकूल होतं असं मात्र समजू नका. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्शफील्ड या गावानं १९८२ मध्ये नाणं टाकून खेळायच्या अशा यंत्रांवर बंदीच घातली. ती उठायला २०१४ साल उजाडलं. ९ नोव्हेंबर १९८२ रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल डॉ. एव्हरेट कूप यांनी हे खेळ मुलांना घातक ठरू शकतात, असं बोलून दाखवलं. आईबापांच्या पोटात गोळाच आला. पण लगेच त्यांनीच खुलासा केला, की हे माझं वैयक्तिक मत आहे, त्यामागं शास्त्रीय पुरावा नाही.

आणि नेमक्या त्याच महिन्यात अटम्वात काय चाललं होतं? ७ नोव्हेंबरला 'लाइफ' या प्रसिद्ध मासिकासाठी गावाच्या मुख्य रस्त्यावर गेमची यंत्रं मांडून, ठिकठिकाणचे नामांकित खेळाडू जमवून छायाचित्र काढलं गेलं. ३० नोव्हेंबरला महापौर जेरी पार्कर यांनी अटम्वा ही 'जगाची व्हिडिओ गेम राजधानी' असल्याचं जाहीर केलं! जानेवारी १९८३ मध्ये तिथं मोठी स्पर्धा झाली आणि ती दूरदर्शनवरच्या कार्यक्रमात साऱ्या देशानं पाहिली.

यात गावाचा धंद्याचा हिशेब नव्हता असं नाही. कारखाना गेलेल्या गावाला नाव हवं होतं, पाहुणे हवे होते. पण कारण काहीही असो, मुलं ज्यात रमली होती ते या गावानं दाराआड ढकललं नाही. भर रस्त्यात मांडलं.

शंभर कोटी गुण

टिम मॅकव्हे हा तिथलाच पोरगा. त्याचा खेळ होता 'निबलर'. पडद्यावरच्या चक्रव्यूहातून एक साप धावतो, दाणे खातो आणि खाईल तसा लांब होतो. आपलीच शेपटी आपल्याला आडवी आली की संपलं! या यंत्राचा गुणफलक नऊ आकड्यांचा होता. म्हणजे शंभर कोटी गुण झाले की आकडा पुन्हा शून्यावर येणार. पण तोवर जाणार कोण?

जानेवारी १९८४ मध्ये टिमनं एकाच नाण्यावर ते करून दाखवलं. १,००,००,४२,२७० गुण! वेळ लागला चव्वेचाळीस तासांहून अधिक. मधे उठायची वेळ आली, तर? त्यासाठी आधीच जास्तीचे साप साठवून ठेवायचे आणि उठलं की त्यांतले काही बळी जाऊ द्यायचे. महिनाअखेरची तजवीज करणाऱ्या गृहिणीला हे गणित चटकन कळेल! २८ जानेवारी १९८४ हा दिवस गावानं 'टिम मॅकव्हे दिन' म्हणून पाळला.

पण मैत्रिणींनो, दैव बघा. गेमचा धंदा १९८३ पासूनच कोसळायला लागला होता. मार्च १९८४ मध्ये, म्हणजे विक्रमानंतर दोन महिन्यांच्या आत, ट्विन गॅलॅक्सीजचं दुकान बंद झालं. त्याच वर्षी एन्रिको झानेत्ती नावाच्या इटालियन मुलानं टिमपेक्षा जास्त गुण केले होते, हे टिमला कळलं ते कित्येक वर्षांनी. तोवर तो चाळिशीला आलेला, संसारी माणूस झाला होता. त्यानं पुन्हा सराव धरला, आणि २०११ च्या नाताळात १,०४,१७,६७,०६० गुण मिळवले. या साऱ्यावर 'मॅन व्हर्सेस स्नेक' हा माहितीपट २०१५ मध्ये निघाला. त्यात त्याच्यामागं उभी असलेली त्याची बायकोही दिसते. असल्या हट्टाला साथ देणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरी त्यालाच ठाऊक!

नावं जपणारं घर

दुकान गेलं तरी वही राहिली होती. त्या वहीच्याच आधारानं २००९ मध्ये गावातली मंडळी एकत्र आली आणि 'इंटरनॅशनल व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेम अँड म्युझियम' या कामाला लागली. ऑगस्ट २०१० मध्ये पहिला सन्मान सोहळा झाला. पहिल्या मानकऱ्यांत वॉल्टर डे स्वतः होते.

न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर शहरी 'द स्ट्राँग' या मोठ्या संग्रहालयातही २०१५ पासून असाच मान दिला जातो. पण तिथं मान मिळतो तो खेळांना. अटम्वाचं वेगळेपण असं, की इथं माणसांनाही मान आहे. खेळ रचणाऱ्यांना आहे, तसाच नुसता खेळणाऱ्यांनाही.

आणि ही माणसं म्हणजे सगळी पोरंच, असंही नाही हं. डोरिस सेल्फ या बाईंचंच घ्या. 'क्यूबर्ट' नावाच्या खेळात एक इवलासा प्राणी पायऱ्यांच्या डोंगरावर उड्या मारतो. त्यात वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांनी ११,१२,३०० गुण मिळवले आणि सर्वांत वयस्क व्हिडिओ गेम विजेत्या म्हणून गिनीज बुकात त्यांचं नाव लागलं. पुढं ऐंशीच्या घरात गेल्यावर त्या पुन्हा जिद्दीनं सरावाला बसल्या होत्या. २००६ मध्ये त्या वारल्या.

खेळ घडवण्यातही बायका पहिल्यापासून आहेत. 'सेंटिपीड', म्हणजे गोमेचा खेळ, १९८१ चा. तो रचणाऱ्या दोघांपैकी एक डोना बेली. 'रिव्हर रेड' हा १९८२ चा गाजलेला खेळ कॅरल शॉ यांचा. आणि 'पॅक-मॅन' तर जपानच्या तोरू इवातानी यांनी १९८० मध्ये बायकांना डोळ्यांपुढं ठेवूनच रचला. गेमच्या दुकानात सारी पुरुषांची गर्दी आणि मारामारीचे खेळ. तिथं मुलींनाही यावंसं वाटावं म्हणून त्यांनी खाण्याचा विषय निवडला. एक तुकडा काढलेल्या पिझ्झासारखं त्याचं ते तोंड आठवतंय ना?

मग आपण काय घ्यायचं?

मुलांना रात्रंदिवस खेळू द्या, असं मी मुळीच सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमचं व्यसन आपल्या आजारांच्या यादीत घातलं आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली आहे. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळं बाजूला पडणं आणि नुकसान दिसत असूनही खेळतच राहणं, असं साधारण वर्षभर चाललं तर तो आजार समजतात. तसं दिसलं तर रागावण्यात वेळ न दवडता सरळ डॉक्टरांकडं जा. पण खेळणारं प्रत्येक मूल काही आजारी नसतं. त्यासाठी या चार गोष्टी करून बघा:

१. "काय खेळतोस ते मला दाखव," असं एकदा म्हणा आणि दहा मिनिटं जवळ बसा. खेळ कळला, की "एवढा डाव संपला की ठेव" असं सांगता येतं. अर्ध्या डावातून उठवलेलं मूल चिडतं. डाव संपवून उठलेलं कमी चिडतं.

२. वेळ घड्याळावर ठरवा आणि तो मोठ्यांनीही पाळा. आपण जेवताना मोबाइल बघायचा आणि मुलाला मात्र उपदेश करायचा, हे चालत नाही.

३. एक साधी वही करा. गेम असो, बुद्धिबळ असो, दोरीवरच्या उड्या असोत, मुलानं स्वतःचा उच्चांक मोडला की तारीख घालून त्यात लिहा. आईनं लिहिलेल्या नोंदीला मुलाच्या लेखी फार मोल असतं.

४. त्याच वहीत एक पान स्वतःसाठी ठेवा. पहिल्यांदा जमलेले अनारसे, ठिपके न चुकता काढलेली सर्वांत मोठी रांगोळी, एका बैठकीत विणून झालेलं टोपडं, सगळं लिहा. आपल्या हातचं कसब आपण "त्यात काय मोठंसं!" म्हणून सोडून देतो आणि ते आपल्याबरोबरच जातं.

अटम्वाच्या त्या दुकानात खेळणारी पोरं काही जगावेगळी नव्हती. तशी हुशार पोरं गावोगाव होती आणि आहेत. पण त्यांचे आकडे कुणी कागदावर उतरवले नाहीत, म्हणून ती कुणाला माहीत नाहीत. संग्रहालयाला इमारत लागते, पैसा लागतो, वर्षानुवर्षं खपणारी माणसं लागतात. वही मात्र वाण्याकडं मिळते. तेव्हा या आठवड्याच्या सामानाच्या यादीत तेवढी एक वही जरूर घाला.