नाव झाकलेले, नोंद उघडी

दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना नियामकाची ओळख करून द्यायला नको. परीक्षकाने दिलेले गुण तो पुन्हा पाहतो. विद्यार्थ्याला यांपैकी कोणाचेच नाव कळत नाही, पण तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागता येते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही हीच विभागणी मान्य केली: उत्तरपत्रिका दाखवा, परीक्षकाची ओळख सांगण्याची गरज नाही.

इंटरनेटवरील विकिपीडिया या विश्वकोशातही असे नियामक असतात. ते बिनपगारी स्वयंसेवक, बहुतेक टोपणनावाने वावरणारे. नवा लेख ठेवायचा की नाकारायचा, हे ते ठरवतात. त्यांचा न्याय कसा जोखायचा?

डॉना स्ट्रिकलंड या कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ. लेसरचा अत्यल्पकाळ टिकणारा स्पंद आधी ताणायचा, मग त्याची शक्ती वाढवायची आणि शेवटी तो पुन्हा आकसून घ्यायचा, ही युक्ती त्यांनी जेरार मुरू यांच्याबरोबर १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्यावरील लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियाने मे २०१८ मध्ये नाकारला. कारण दिले ते असे, की जोडलेल्या संदर्भांवरून या व्यक्तीची दखलपात्रता सिद्ध होत नाही. २ ऑक्टोबरला दोघांना नोबेल जाहीर झाले. मुरूंवर २००५ पासून लेख होता!

नाकारणाऱ्याने आकसाने हे केले असे मला वाटत नाही. नियम सर्वांना एकच: इतरांनी त्या व्यक्तीविषयी स्वतंत्रपणे लिहिलेले दाखवा. पण स्त्री-वैज्ञानिकांविषयी मुळात लिहिलेच कमी जाते. त्या विश्वकोशातील चरित्रलेखांत तेव्हा स्त्रिया शेकडा अठराच्या आसपास होत्या. तराजू सरळ, वजनेच खोटी. शिवाय मोठ्या वैज्ञानिक संस्थेचे अध्यक्षपद दखलपात्र मानणारा नियमही तेथे होता, आणि स्ट्रिकलंड २०१३ मध्ये अमेरिकेतील ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे नियम लावण्यातही चूक झाली.

ही चूक आपल्याला कळली कशी? मसुदा, तो नाकारल्याची तारीख आणि कारण, सारे नोंदलेले होते. पत्रकारांना ते लगेच सापडले. नाकारणाऱ्याचे खरे नाव कळण्याची गरज कोणाला पडली नाही. अर्थात हा उघडेपणा पुरता नाही. स्ट्रिकलंड यांच्यावरील आणखी आधीचा एक लेख २०१४ मध्ये स्वामित्वहक्काच्या कारणाने काढला गेला होता. अशा वेळी काढल्याची नोंद सर्वांना दिसते, मजकूर मात्र फक्त प्रचालकांना.

वर्गात हे करून पाहता येईल. मराठी विकिपीडियावरील आपल्या गावाचा लेख उघडा आणि 'इतिहास पहा' वर जा. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून कोणते वाक्य गेले ते मुलांना शोधू द्या. मग बदलाच्या सारांशात कारण लिहिले आहे का ते पाहायला सांगा. पुष्कळदा ती जागा रिकामीच सापडेल.