तिफणीचा साधेपणा : मोल आणि मोबदला

मृगाच्या सरी पडून काळ्या जमिनीला वाफसा आला की अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या हाती पेरणीसाठी फार थोडे दिवस असतात. त्या दिवसांत अवजार बंद पडले तर संपूर्ण हंगामच हातचा जातो. म्हणून अवजार निवडताना ते किती कामे करते एवढेच पाहून भागत नाही. ते बिघडल्यास गावात कोण दुरुस्त करील, याचाही विचार करावयास हवा.

वऱ्हाडातील तिफण या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तीन फण, तीन नळ्या आणि वर एक चाडे, एवढाच तिचा संसार. तिला साखळी नाही की दातेरी चक्र नाही. गावचा सुतार ती बाभळीच्या लाकडातून घडवितो व मोडल्यास गावातच जोडून देतो. मागे सरते बांधले की आंतरपिकाची ओळही त्याच फेरीत पडते. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानातील शेतीची पाहणी केली. १८९३ च्या आपल्या अहवालात त्यांनी देशी अवजारे येथील परिस्थितीला बहुतांशी अनुरूप असल्याचे नमूद केले.

परंतु हा साधेपणा फुकट मिळत नाही. तिफणीत बी मोजण्याची सोय नाही. ते काम चाड्यावर मूठ धरणारा हात करतो आणि हा हात पुष्कळदा घरातील स्त्रीचा असतो. बैलांच्या चालीशी बोटांची चाल जुळवून तिन्ही नळ्यांत सारखे बी सोडणे ही सरावाने येणारी विद्या आहे. म्हणजे गुंतागुंत नाहीशी झालेली नसते. ती लाकडातून निघून माणसाच्या हातात गेलेली असते. हात थकला की ओळी विरळ-दाट होतात. वेळही अधिक लागतो. ४५ सेंटिमीटर अंतराने तीन ओळी पेरताना एका एकरासाठी बैलांना सुमारे ३ किलोमीटर चालावे लागते. सहा ओळींच्या ट्रॅक्टरचलित यंत्राला त्याच्या निम्मेच अंतर पुरते.

यंत्राचे उणे निराळे आहे. तिफणीची नळी चिखलाने बुजली तर बी साचताच हाताला कळते. यंत्राची नळी बुजल्यास ओळ रिकामी जाते आणि लक्ष नसेल तर ते उगवणीच्या वेळीच दिसते. तोवर वाफसा गेलेला असतो व नांगे भरण्याचा किंवा दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो.

यावर उपाय सोपा आहे. पेरणीपूर्वी यंत्राचे चाक उचलून हाताने फिरवावे व पडलेले बी तोलावे. सोयाबीनला हेक्टरी ७५ किलो बियाणे, सहा ओळी व ४५ सेंटिमीटर अंतर धरल्यास पेरणीची रुंदी २.७० मीटर होते. चाकाचा परीघ १.२५ मीटर असेल तर २० फेऱ्यांत ६७.५ चौरस मीटर क्षेत्र होते आणि सुमारे ५०० ग्रॅम बी पडावयास हवे. प्रत्येक नळीचे बी वेगळे तोलावे. ते ८४ ग्रॅमच्या आसपास भरावे.

हाच विवेक पाणी मुरविण्याच्या कामीही उपयोगी पडतो. रुंद वरंबा सरी यंत्र पेरणी व सरी ही दोन्ही कामे एका फेरीत करते. ते वेळेवर न मिळाल्यास सहा ओळींनंतर सातवी रिकामी सोडावी आणि पुढे डवऱ्याला गच्च दोरी गुंडाळून त्या जागी सरी काढावी. यात एक सप्तमांश ओळी कमी होतात हे खरे. पण पावसाच्या खंडात मुरलेले पाणी आणि अतिवृष्टीत पाण्याला मिळालेली वाट, हा त्याचा मोबदला होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नव्या अवजाराची शिफारस करताना तीन प्रश्न विचारावेत. नवा भाग कोणती खरी अडचण दूर करतो? तो मोडल्यास वाफसा असेपर्यंत दुरुस्त होईल काय? आणि जुन्या अवजारात जे कसब हाताला लागत होते, ते आज घरात कोणाच्या हाती उरले आहे? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर साध्या तिफणीचा आग्रह धरणे शेतकऱ्याच्या हिताचे नाही. ज्या घरी बैलजोडी आणि सरावलेला हात आहे, तेथे मात्र यंत्र घेतले तरी तिफण मोडीत काढू नये.