रेघेतली थरथर

ईसीजी काढताना कागदावरची रेघ कधी कधी करवतीच्या दात्यांसारखी थरथरते. घाबरू नका, ती थरथर बहुधा हृदयाची नसते. भिंतीतल्या विजेची असते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते आणि अंगावर मिळणारा हृदयाचा विद्युतदाब जेमतेम १ मिलिव्होल्ट. शेजारी ढोल वाजत असताना कुजबूज ऐकायची! मुशायऱ्यात शायराआधी माइकमधून जी घूं ऐकू येते, तीही बहुधा याच कुळातली. पण ईसीजीत या थरथरीत बारीक लाटा हरवतात, आणि डॉक्टरांना त्याच वाचायच्या असतात.

यंत्राच्या सर्किट बोर्डावर ती शिरते कशी? विद्युतप्रवाह जिथून निघतो, तिथे त्याला परतावेच लागते. जाण्याची आणि येण्याची वाट मिळून एक वेढा तयार होतो. हा वेढा जितका ऐसपैस, तितके बाहेरचे बदलते चुंबकीय क्षेत्र त्यात जास्त गुणगुण निर्माण करते. म्हणून सिग्नलच्या रेषेखालीच, बोर्डाच्या दुसऱ्या थरात, तांब्याचा सलग पत्रा ठेवतात. त्याला ग्राउंड प्लेन म्हणतात. परतीची वाट पायाखालीच आली की वेढा आक्रसतो. मात्र त्या पत्र्याला मध्येच चीर ठेवली, तर प्रवाह वळसा घालतो आणि केलेले सारे वाया जाते. बोर्डाबाहेरच्या तारांच्या जोडीला पीळ देतात तोही याचसाठी.

उजव्या पायाचा चिमटा तर मोजण्यासाठी नसतोच. अनेक यंत्रांत तो अंगावर आलेली गुणगुण उलटी करून शरीराला परत देतो. एवढे करूनही रेघ थरथरली, तर तंत्रज्ञ आधी चिमट्याखालची जेल बघतो.