दोन काळांच्या गोष्टीत बहिणी हरवतात कशा?

ट्रेनमध्ये हेडफोन नाहीयेत म्हणून वाचायला आलेल्या सगळ्यांचं स्वागत. आजचा भाग दोन काळांत चालणाऱ्या कादंबऱ्यांवर.

साचा ओळखीचा आहे. आजची एक नात, माळ्यावरची ट्रंक, त्यात सापडलेली एखादी वस्तू. एक प्रकरण नातीचं, पुढचं साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या दोन बहिणींचं. गंमत अशी की गुपित बरेचदा आपल्याला आधी कळतं, नातीला नंतर. आपण पानं उलटतो ती ‘हिला हे कधी कळणार’ म्हणून.

मी दिवसभर डेटाबेसमध्ये असतो, त्यामुळे मला ही रचना दोन टेबलं जोडल्यासारखी दिसते. जोडायला दोन्हीकडे सारखी असलेली एक ‘की’ लागते. गोष्टीत ती पत्र असेल, फोटो असेल, दागिना असेल. पण गोष्ट बाईची असली की गाडी हमखास नावापाशी येते.

खरं उदाहरण सांगतो. सादिया शेपर्ड या अमेरिकन लेखिकेचं ‘द गर्ल फ्रॉम फॉरेन’ (2008). कादंबरी नाही, आठवणी आहेत, पण बांधणी तीच. तेरा वर्षांची असताना तिला आजीच्या सामानात एक पिन मिळाली, त्यावर नाव: रेचल जेकब्स. आजी तर राहत सिद्दिकी! कराचीत राहिलेली, मुसलमान घरातली. उलगडा असा की आजी मूळची बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणायचे ना, ते. लग्न गुपचूप झालं, फाळणीनंतर कराची, आणि रेचल नाव त्या पिनवर उरलं. आजी गेल्यावर नात 2001 साली फुलब्राइट घेऊन पुण्याला आली आणि कोकणात माणसं शोधत फिरली. आमच्या पनवेलमध्येही बेने इस्राएलांचं 1849 सालचं बेथ एल सिनेगॉग आहे. रोज समोरून जाणाऱ्या किती जणांना ते माहितीये, कोण जाणे.

आता म्हणाल, हे धर्म बदलला म्हणून. पण आपल्याकडे त्याची गरजच नव्हती! लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की झालं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही रकाने एका दिवसात बदलले. पुरुषाची की जन्मापासून सातबाऱ्यापर्यंत तीच. दोन सख्ख्या बहिणी दोन घरांत गेल्या की कागदावर त्यांचं काहीच जुळत नाही. लेखकाला मुद्दाम गुपित रचावं लागत नाही, पद्धतच रचून देते.

मग जोड मिळते कुठे? जमिनीत. वडील वारले की फेरफार रजिस्टरात वारस नोंद होते आणि तिथे मुली सासरच्या नावांनी, पण एकाखाली एक येतात. 1956 च्या वारसा कायद्यानंतर तर मुलींना वाटा आलाच. वाटा नको असेल तर हक्कसोड पत्र, आणि त्यावर सगळ्या बहिणींच्या सह्या किंवा अंगठे. आमच्या तालुक्यात आधी सिडको, मग विमानतळ. संपादनाची नोटीस आली की चाळीस वर्षं राखीला न बोलावलेल्या आत्याचा पत्ता लोक दोन दिवसांत काढतात. (साडेबारा टक्क्यांच्या फाइलीत जेवढ्या कादंबऱ्या पडून असतील तेवढ्या वाचनालयात नसतील.)

आमच्या आजीच्या माहेरचा जुना फेरफार मी असाच काढला. आजी कायम सांगायची, आम्ही तिघी बहिणी. नोंदीत मुली चार. चौथीचं आडनाव आमच्या जातीत कुठेच नसणारं. आजीला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती.

“होती एक,” म्हणाली. “आक्का म्हणायचो आम्ही.”

मी विचारलं, आज्जी, नाव काय होतं तिचं? इथे लिहिलंय ते नाही, घरातलं.

तिने सांगितलं. इथे लिहीत नाही. आधी तिच्याकडून आणखी थोडं ऐकायचंय, आणि यावेळी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवू का, हेही तिलाच विचारायचंय.