पाखरांची गर्दी आणि बिघडलेली हवा

ज्या दिवशी समुद्रकाठी पाखरांची झुंबड उडते, तो त्यांच्या प्रवासाचा उत्तम दिवस असला पाहिजे, अशी आपली सहज समजूत होते. ही समजूत वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याचे उदाहरण घेऊ. ऑगस्ट सरत आला, की स्कँडिनेव्हियातील लहान गाणारे पक्षी दक्षिणेची वाट धरतात. बहुतेक रात्रीच उडतात. रात्री हवा थंड व शांत असते, ससाण्याचे भय कमी, आणि दिवस किडे टिपण्यास मोकळा राहतो. काही पक्षी ताऱ्यांवरून दिशा ओळखतात, हे तारांगणातील प्रयोगांनी दिसून आले आहे. आभाळ निरभ्र आणि वारा पाठीशी असला, म्हणजे हे थवे उंचावरून निघून जातात. इंग्रज निरीक्षकाला त्यांचा पत्ताही लागत नाही.

पण वाटेत हवा पालटली तर? पूर्वेचा वारा त्यांना उत्तर समुद्रावर लोटतो, ढग तारे झाकतात, पावसाने पंख जड होतात. मग जी पहिली जमीन दिसेल, तीच त्यांची धर्मशाळा! ३ सप्टेंबर १९६५ रोजी सफोकच्या किनाऱ्यावर भर पावसात असेच थिरथिरे, रणगोजे आणि माशीमार अगणित संख्येने उतरले. आपल्याकडे हिवाळ्यात येऊन शेपूट थरथरवणारा थिरथिरा त्यांतल्याच थिरथिऱ्यांचा भाऊबंद.

ईगल क्लार्क हे पक्षिशास्त्रज्ञ १९०३ साली केंटिश नॉक येथील दीपनौकेवर महिनाभर राहिले होते. अंधाऱ्या, पावसाळी रात्री दिव्याच्या झोताने भुललेली पाखरे त्यांनी जवळून पाहिली. आपल्याला जो सोहळा वाटतो, तो त्या जिवांवरचा प्रसंग असतो. सोनेरी तुऱ्याच्या गोल्डक्रेस्टचे वजन ते काय, जेमतेम अर्धा तोळा. तोही ऑक्टोबरात हा समुद्र ओलांडतो.

म्हणून निरीक्षकाने दोन पथ्ये पाळावीत. पक्ष्यांच्या संख्येशेजारी वारा, ढग व पाऊस यांची नोंद करावी, आणि रिकामा दिवसही वहीत मांडावा. कदाचित त्याच रात्री प्रवास सुखरूप झालेला असेल. दुसरे, गर्दीच्या दिवशी झुडपे झोडपून पाखरे उठवू नयेत. दमलेल्या पाहुण्याला आधी विसावा, मग विचारपूस!