लहान चणीची घोडी विताना

गाई-म्हशींच्या बाबतीत आपल्या शेतकरी बंधूंना शिकवावे असे थोडेच असते. गाय उलटली की राहिली, कास कधी भरली, वार पडली की अडकली, हे घरच्या म्हाताऱ्या आईलाही कळते. अडचण येते ती घोडीच्या वेळी. टांगे गेले, तरी गाडीला, शर्यतीला किंवा हौसेखातर लहान चणीची घोडी बाळगणारी घरे आपल्याकडे अजून आहेत. तेथे गाईचा अनुभव जसाच्या तसा घोडीला लावला जातो, असे आम्हांला दिसते. त्यात शिंगरू हातचे जाते, आणि कधी कधी घोडीही.

पहिली गोष्ट तारखेची. गाय नऊ महिन्यांवर काही दिवसांत विते. घोडीला सुमारे ११ महिने लागतात, सरासरी ३४० दिवस. मात्र ३२० ते ३६० दिवसांत ती कधीही व्याली तरी त्यात वावगे काही नाही. १ ऑगस्टला घोडा दाखवला असेल तर ७ जुलैचा सुमार धरावा, पण जूनच्या मध्यापासून सावध असावे. तारीख कॅलेंडरवर त्याच दिवशी लिहावी.

गाभ ओळखताना पोटावर विश्वास ठेवू नये. कडबा खाऊन लहान घोडीचे पोट एरवीही सुटलेले असते, आणि गर्भाची निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. त्यामुळे सात महिन्यांची गाभण घोडी रिकामी वाटते व रिकामी घोडी गाभण वाटते. सुमारे २१ दिवसांनी ती पुन्हा माजावर आली नाही तर आशा धरावी, खात्री नव्हे. खात्री डॉक्टरच देऊ शकतात. सोनोग्राफीत १५-१६ दिवसांचा गाभही दिसतो, आणि जुळे असेल तर तेही तेव्हाच कळते. हे महत्त्वाचे आहे, कारण घोडीला जुळे क्वचितच लाभते. बहुधा ती गाभडते. अगदी ठेंगण्या घोडीत हात घालून तपासणे धोक्याचे असते, तेव्हा रक्ताची तपासणी कामी येते. गाभण घोडीच्या रक्तातील एक खास हार्मोन १९३० साली कोल आणि हार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. साधारण ४० ते १२० दिवसांच्या गाभात तो सापडतो. मात्र गाभ पडला तरी काही आठवडे तो रक्तात राहतो, हे ध्यानात असू द्यावे.

खाण्याविषयी एकच इशारा. "घोडी फार लठ्ठ झाली, विताना अडेल" म्हणून शेवटच्या महिन्यांत तिचा चारा तोडू नका. लहान जातीच्या घोड्या आणि गाढविणी यांची उपासमार झाली की अंगातील चरबी एकदम रक्तात उतरते, यकृत बिघडते आणि जनावर दगावते. गाभणीने खाणे सोडले तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे. बुरशी आलेला कडबा मुळीच घालू नये. विण्यापूर्वी महिनाभर धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. घोड्याच्या लिदीत त्या रोगाचे जंतू असतात, म्हणून तबेल्यात राबणाऱ्या माणसांनीही आपली लस चुकवू नये.

विण्यापूर्वी दोन ते सहा आठवडे कास भरू लागते. शेपटीच्या मुळाशी मांस सैल पडते. शेवटच्या एक-दोन दिवसांत सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसतात. काही घोड्या यातले काहीच न दाखवता वितात. जागा कोरडी, खिळे-तारा नसलेली असावी आणि खाली लांब पेंढा अंथरावा. लाकडाचा भुसा नको, तो ओल्या शिंगराच्या नाकातोंडाला चिकटतो. घोडी बहुधा रात्रीच विते आणि भोवती गर्दी असली तर कळा थोपवून धरते. तेव्हा एकाने लांबून लक्ष ठेवावे, शेजाऱ्यांना जमवू नये. डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.

आता खरा मुद्दा. गाईला कळा सुरू झाल्या की आपण दोन तास निवांत बसतो. घोडीची पाणमोट फुटल्यावर २० ते ३० मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवे. आधी पांढरट पडद्यात एक पाय, त्याच्या किंचित मागे दुसरा, तळवे खाली, आणि गुडघ्यांवर टेकलेले नाक, असा क्रम असतो. दहा मिनिटांत हे दिसले नाही तर फोन करावा. डॉक्टर येईपर्यंत घोडीला उठवून हळूहळू चालवावे, म्हणजे कळांचा जोर कमी होतो. ठेंगण्या जातींत शिंगराचे डोके अंगाच्या मानाने मोठे असल्याने ती अधिक अडतात. अमेरिकेतील ३४ इंचांच्या आतले घोडे पाळणारे म्हणूनच रात्री जागतात.

पांढऱ्याऐवजी मखमलीसारखी लाल पिशवी पुढे आली तर एक क्षणही थांबू नये. वार आधीच सुटली आहे आणि आत शिंगरू गुदमरते आहे, असा तिचा अर्थ. बोथट टोकाच्या कात्रीने पिशवी फाडावी व कळेबरोबर पाय खाली, घोडीच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेने ओढावेत. येथे डॉक्टरांची वाट पाहण्याइतका वेळ नसतो.

शिंगरू आले की नाकावरचा पडदा काढावा आणि दोघांना निजू द्यावे. नाळ कापू नये. घोडी उठली की ती आपोआप तुटते. मग बेंबीला डॉक्टरांनी दिलेले जंतुनाशक लावावे. राख, शेण, हळद काही नको. एका तासात शिंगरू उभे राहावे, दोन तासांत प्यायला लागावे, तीन तासांत वार पडावी. चीक पहिल्या बारा तासांतच पोटात जायला हवा. रोगाशी लढण्याची शक्ती शिंगराला त्यातूनच मिळते, आणि दिवस उलटला की त्याचे आतडे ती घेत नाही.

गाईची वार बारा तास लांबली तरी आपण घाबरत नाही. घोडीची तीन तासांवर राहिली तर विष भिनते, ताप चढतो, खुरांना सूज येऊन ती कायमची लंगडी होते. लोंबणाऱ्या वारेला दगड बांधू नये, ओढूही नये. तिचीच गाठ मारून वर ठेवावी आणि डॉक्टरांना बोलवावे. पडलेली वार फेकण्याआधी बादलीत ठेवून त्यांना दाखवावी, म्हणजे तुकडा आत राहिला का ते कळते.

आठ-दहा दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. विताना अडली असेल किंवा वार राहिली असेल तर त्या माजाला घोडा दाखवू नये.