पंप सुरू होत नाही? आधी कार्बोरेटर पाहा



मुकुटबन परिसरात सोयाबीन निघाले की हरभरा पेरला जातो. नाल्यात पाणी आहे तोवर, घाटे भरताना एक पाणी मिळाले तर पीक साधते. नेमका तेव्हाच कोलाम पोडावरचा पेट्रोलचा छोटा पंप दोरी ओढून ओढूनही सुरू होत नाही. वणीला नेऊन दुरुस्त करून आणण्यात दिवस जातात. चर्चच्या आवारातील गवत कापण्याच्या यंत्राचीही पहिल्या पावसात हीच गत होते.

बहुतेक वेळा इंजिन बिघडलेले नसते, कार्बोरेटर तुंबलेला असतो. कार्बोरेटर हवेत योग्य प्रमाणात पेट्रोल मिसळतो. खालच्या वाटीत पेट्रोल साठते आणि जेटच्या बारीक छिद्रातून वर ओढले जाते. महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेट्रोल उडून जाते व मागे चिकट थर उरतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते आणि पाणी वाटीच्या तळाशी बसते.

चोक लावल्यावर इंजिन चालते, काढताच बंद पडते, तर जेट तुंबले असे समजावे. बरेचदा दोरी ओढूनही प्लग कोरडाच निघाला, तर पेट्रोल पोहोचत नाही. प्लग ओला असेल, तर आधी ठिणगी तपासावी.

साफ करण्याची रीत :

१. इंजिन थंड होऊ द्या. चूल, दिवा, विडी दूर ठेवा. पेट्रोलचा कॉक बंद करा.
२. वाटीचा बोल्ट काढून वाटी उतरवा, पुसून घ्या. रबरी रिंग जपा.
३. जेट काढून पेट्रोलने धुवा. छिद्रात विजेच्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार घाला. सुई घालू नका. जेट पितळेचे असते, छिद्र मोठे होते.
४. तोंडाने फुंकू नका. सायकलच्या पंपाने हवा मारा.
५. सगळे होते तसे बसवून ताजे पेट्रोल घाला. कुठे गळत नाही ना, हे पाहूनच दोरी ओढा.

हंगाम संपला की कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे वाटी रिकामी होते. उरलेले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. लेकरू पाणी समजून पिते. तसे घडलेच, तर उलटी करवू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या.

हे काम शिकायला एक सकाळ पुरते. आपल्या मंडळीत यंत्राचे काम जाणणारे असतील, त्यांनी पोडावरच्या दोन तरुणांना शेजारी बसवून एकदा करून दाखवावे. पुढच्या हंगामात त्यांचे पाणी अडणार नाही.